पालखीखालच्या मुलाची आई

मी ताकिनोसावा गावात सून म्हणून आले ती ऐन थंडीत. आल्यावर लगेचच एका सकाळी सासूबाईंबरोबर नदीवर मुळे धुवायला गेले, तर पलीकडच्या वळणावर एक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून तुतीच्या साली धूत होती. काठावर बर्फ साचलेला. तिचे हात कोपरापर्यंत लालबुंद झाले होते. तिनं मान वर करून पाहिलं, म्हणून मी रीतीप्रमाणं वाकले. सासूबाईंनी माझी बाही धरून मला असं ओढलं, की टोपलीतले दोन मुळे पाण्यात पडून वाहून गेले.

“तिला मान लववायची नाही.”

“का हो, आई?”

“त्या घराशी गाव बोलत नाही. आणि तू आता गावातली.”

ती बाई म्हणजे ओरिए, आमच्या भिंतीला लागूनच घर असलेली. तिची आधीची हकिकत मला सासूबाईंनी सांगितली, उरलेली नवऱ्यानं. पुढचं सगळं मी स्वतः पाहिलं.

ओरिएचा नवरा युद्धात दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावर गेला. घरी परत आली ती एक लाकडी पेटी, आणि तिच्यात अस्थींऐवजी एक दगड. तेव्हा मुलगा मिनेओ आणि मुलगी नोबुको, दोघंही लहान होती. ओरिएनं कागद करून ती वाढवली. तुतीच्या फांद्या वाफवायच्या, साल सोलायची, उकळायची, थंडगार पाण्यात धुवायची, कुटायची, लगदा जाळीवर झेलायचा आणि एकेक पान फळीवर चिकटवून उन्हात वाळवायचं. तिचा कागद इतका पांढरा असे, की डोंगरावरच्या देवळात पवित्र गवती दोराला लटकवायच्या घड्या तिच्याच कागदाच्या करत.

आमचं देऊळ गावापासून चांगलं उंचावर आहे. देवदारांच्या जंगलातून दगडी पायऱ्यांनी वर जावं लागतं. झाडं इतकी जुनी, की एकेकाच्या बुंध्यामागं अख्खं घर लपावं. देवळामागं धबधबा आहे आणि देव त्या धबधब्याचाच. तो वर्षातून एकदा, भात पिकायच्या सुमाराला, पालखीत बसून खाली येतो, नदी ओलांडतो, पलीकडच्या माळावर एक रात्र राहतो आणि परत जातो. पालखी खांद्यावर घेऊनच नदी ओलांडायची. आता पूल आहे, तेव्हाही होता. पण देव पुलावरून जात नाही.

मिनेओनं पहिल्यांदा पालखीला खांदा दिला त्या वर्षी वादळाचा पाऊस लागून राहिला होता. नदी तांबडी होऊन फुगली होती. थोरले पुजारी, आमेमियाबुवा, म्हणाले, “पाणी उतरेपर्यंत थांबलं तर काय बिघडेल?”

पालखीचा म्होरक्या गेन्झो. लाकूड कापायची गिरणी त्याची, आणि गावातली निम्मी घरं त्या गिरणीवर जेवणारी. सकाळपासून त्याची दारू चालू होती.

“देव धबधब्यात राहतो, बुवा,” तो म्हणाला. “त्याला तुम्ही पाण्याची भीती घालता? का त्याला सांगू, आज पोरांना सर्दी होईल, उद्या या म्हणून?”

सगळे हसले. ते हसले तिथंच ते ठरलं.

पुढचं नवऱ्यानं सांगितलं. तो उजव्या दांडीला होता. “पाणी छातीला लागलं. पायाखालचे गोटे सरकायला लागले. गेन्झो काठावरनं ओरडत होता, पुढं, पुढं! मिनेओ माझ्या समोर, डाव्या दांडीला. तो एकदम दिसेनासा झाला, आणि पालखी त्याच बाजूला बसली. आम्ही सगळ्यांनी जोर लावून ती उचलली.”

“आणि मिनेओ?”

“पालखी काठाला नेली. देवाला पाण्यात कसं ठेवणार?”

“आणि मग?”

“मग शोधायला लागलो.”

तो खाली बंधाऱ्याच्या लाकडांत अडकलेला सापडला.

आमच्याकडं समजूत अशी, की पालखीखाली गेलेल्याला देवानं स्वतः उचललेलं असतं. त्याच्या घरी रडायचं नाही. अंगणात बायका जमल्या, त्या ओरिएला म्हणाल्या, “केवढं नशीब काढलंस गं. आमच्या पोरांकडं देव बघतसुद्धा नाही.” गेन्झो काळा पोशाख घालून, दारूचा पिंप दोन माणसांकडून उचलून घेऊन आला. चटईवर गुडघे टेकून त्यानं कपाळ खाली लावलं आणि म्हणाला, “काकू, अभिनंदन.”

ओरिए म्हणाली, “गेन्झो, तुझ्या तोंडाला अजून कालचा वास येतोय.”

सासूबाई तिथं होत्या. त्या म्हणाल्या, “मला वाटलं आता जमीन फाटते.”

तालुक्याहून पोलीस आला. कोवळा होता, बुटांना चिखल लागला म्हणून कुरकुरत होता. त्यानं घरोघर विचारलं आणि घरोघर त्याला एकच उत्तर मिळालं, देवानं नेलं. ओरिएच्या दारात त्यानं तेच विचारलं.

“देवानं नेलं की नाही मला माहीत नाही,” ती म्हणाली. “पाण्यात गेन्झोनं घातलं. बुवा नको म्हणत होते. गेन्झोला नीट उभंसुद्धा राहता येत नव्हतं. आणि पोरांनी आधी पालखी काढली. हे सगळं लिहून घ्या.”

गेन्झोला तालुक्याला नेलं. काही दिवसांनी सोडलं, पण गिरणीच्या मालकाला दोरी बांधून मोटारीत चढवताना गावानं पाहिलं होतं. शिवाय हुकूम आला, येत्या वर्षी पालखी निघायची नाही.

त्यानंतर ओरिएशी बोलायचं नाही असं कुणी जाहीर केलं नाही. तशी गरजच नसते. तुतीच्या फांद्या वाफवायचं मोठं भांडं गावाचं सामाईक. ते तिच्या पाळीच्या दिवशी रिकामं कधी नसेच. दुकानदार तिला पाहून आतल्या खोलीत जाई आणि ती निघून जाईपर्यंत बाहेर येत नसे. नोबुकोच्या चपलांत शाळेत कुणीतरी बेडूक मारून ठेवी. देवळानं कागद घेणं थांबवलं. पालखी निघाली नाही त्या वर्षी भातावर रोग पडला, तोही ओरिएच्या नावावर जमा झाला. सासूबाई ताटातला किडका दाणा बोटानं बाजूला सारत आणि म्हणत, “हा बघ, ओरिएनं पाठवलाय.”

ती मात्र रोज सकाळी डोंगर चढून देवळापर्यंत जायची. मृत्यू झालेल्या घरातल्यांनी सुतक फिटेपर्यंत देवळाची कमान ओलांडायची नसते, म्हणून ती कमानीबाहेर, एका देवदाराच्या मुळावर उभी राहायची. हात जोडायची नाही, प्रार्थनेची टाळी वाजवायची नाही. नुसती आत बघत उभी. वरून धबधब्याचे तुषार यायचे आणि तिचे केस ओले व्हायचे.

वर्ष उलटल्यावर एका सकाळी मी सासूबाईंच्या नवसाचे तांदळाचे लाडू घेऊन वर गेले होते. आमेमियाबुवा झाडून पाला गोळा करत होते. ओरिए त्यांना म्हणाली, “बुवा, सुतक फिटलं माझं. आत येऊ का?”

“सुतक दिवसांवर नसतं, ओरिएबाई,” बुवा खराट्याकडं बघत म्हणाले. “ज्या घरात देवाविषयी राग आहे, ते घर शुद्ध झालं असं मी कसं म्हणू?”

“माझा राग देवावर नाही. मला त्याला एकच विचारायचंय.”

“काय?”

“त्यानं मागितला होता का.”

बुवा वाईट माणूस नव्हते. देवळाचं छप्पर मात्र गेन्झोच्या लाकडानं शाकारलं जायचं. ते म्हणाले, “कमानीच्या आत येऊ नका, एवढंच सांगतो,” आणि जमवलेला पाला पुन्हा झाडायला लागले.

बंदीचं वर्ष संपलं आणि पालखी निघाली. नदीला पाणी बेताचं होतं, ऊन पडलं होतं. मी आमच्या दारात भाताचे गोळे घेऊन उभी होते. पालखी गल्लीत शिरली की ती कधी डावीकडं झुकते, कधी उजवीकडं. खांदेकरी म्हणतात, आम्ही नाही, देवच ओढतो. गेन्झो पुढं पंखा नाचवत उलटा चालत होता. ओरिएच्या दारासमोर येताच त्यानं पंखा तिच्या घराकडं केला.

“देव ओढतोय रे!” तो ओरडला. “अडवू नका! देव ओढतोय!”

पालखी मागं सरली आणि वेग घेऊन त्या घरावर गेली. पहिल्या धक्क्याला सरकती दारं फुटली. खांदेकरी वाश्शोई, वाश्शोई अशा आरोळ्या देत पुन्हा मागं आले आणि पुन्हा गेले. अंगणात कागद वाळत ठेवलेल्या फळ्या होत्या, त्या पायांखाली मोडल्या. तिसऱ्या धक्क्याला दाराचा खांब तुटला आणि ओसरीचं छप्पर खाली आलं. आतला पितरांचा कोनाडा कोसळला, मिनेओच्या नावाची लाकडी पाटी गल्लीत येऊन पडली. नोबुको ती उचलायला धावली, तशी वरची तुळई तिच्या डाव्या हातावर आली.

ओरिए तिच्याकडं झेपावली. ती मातीत बसून दोन्ही हातांनी तुळई उचलायला बघत होती. माझा नवरा दांडी खांद्यावर घेऊन तिच्यापासून वावभर अंतरावर उभा होता. गेन्झो खाली वाकून तिला म्हणाला, “काकू, देवाला काय राग आला असेल हो?”

पालखी पुढं गेली. दोन्ही बाजूंच्या घरांनी रीतीप्रमाणं पालखीवर पाणी मारलं, मीही मारलं.

तोच पोलीस पुन्हा आला. त्यानं मोडलेलं घर पाहिलं आणि विचारलं, “कुणी केलं?” शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, “देवानं.” त्यानं गेन्झोकडं चहा घेतला आणि तो परत गेला. नोबुकोची दोन बोटं कायमची वाकडी झाली. जाळी धरायला डावा हात नेटका लागतो. कागदाच्या कामातून ती गेली.

तरी नोबुको देखणी निघाली. गिरणीत हिशेब बघणारा तेत्सुओ तिच्या मागं लागला. तो सालस होता आणि घाबरट होता. त्याच्या आईनं निरोप पाठवला, मुलगी आम्हाला पसंत आहे, हाताचंही आम्ही काही म्हणत नाही; पण तिच्या आईनं देवळात जाऊन, गावासमोर, देवाचे आभार मानावेत. नाहीतर तेत्सुओला गिरणीत कोण ठेवील?

त्या मायलेकींचं भांडण आमच्या भिंतीपलीकडं झालं. मोडक्या घराच्या फटींतून शब्दन्‌शब्द येत होता.

“एक वाक्य आहे, आई. एक वाक्य.”

“ते वाक्य मी म्हटलं, की तुझ्या भावाला मीच पाण्यात ढकलला असं होईल.”

“दादाला काय कळणार आहे? तो मेलाय! मी जिवंत आहे. माझ्याकडं बघ. हा हात बघ. हा कुणामुळं असा झाला? गेन्झोमुळं? तू गप्प बसली असतीस तर माझी बोटं सरळ असती.”

पलीकडं चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज आला.

“सांग मला,” नोबुको म्हणाली, “तुला मेलेला मुलगा हवा की जिवंत मुलगी?”

मग बराच वेळ भांडी आवरल्याचा आवाज येत राहिला.

ओरिए देवळात गेली त्या दिवशी सगळं गाव वर आलं होतं. थंडी सरत आली होती, देवदारांच्या सावलीत बर्फाचे चट्टे उरले होते आणि पायऱ्यांवरचं शेवाळ निसरडं झालं होतं. लग्नाला घालायचा काळा किमोनो तिनं कुणाकडून तरी मागून आणला होता. तिचा स्वतःचा छपराखाली गेला होता. लोक पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले आणि ती मधून चढत गेली. वर पोचल्यावर कमानीपाशी ती सवयीनं थांबली. तिला आत पाऊल टाकता येईना.

“या की, काकू,” गेन्झो आतून म्हणाला. “आता कोण अडवतंय?”

दगडी कुंडापाशी तिनं पळीनं हात धुतले, चूळ भरली. तिला डोकं झुकवायला सांगितलं, बुवांनी पांढऱ्या कागदांची काठी तिच्यावरून फिरवली. मग ती गाभाऱ्यासमोर उभी राहिली. दोनदा वाकली, दोन टाळ्या वाजवल्या. आणि म्हणाली, “देवा, माझ्या मुलाला तू जवळ केलंस. मी आभारी आहे.”

देवळामागं धबधबा कोसळत होता; बर्फ वितळून पाणी वाढलं होतं. गेन्झोनं कानाला हात लावला.

“पाण्याच्या आवाजात ऐकू नाही आलं, काकू. मागच्यांनाही नाही आलं. पुन्हा.”

तिनं पुन्हा म्हटलं.

“नाव घेऊन म्हणा. देवाला कळायला नको, कुठला मुलगा?”

“देवा,” ओरिए ओरडली. तिचा आवाज फाटला. “माझ्या मिनेओला तू जवळ केलंस! मी आभारी आहे!”

नोबुकोनं सुटकेचा श्वास सोडला. तेत्सुओच्या आईनं डोळ्यांना रुमाल लावला. गेन्झोनं स्वतः दारूची लहानशी तबकडी भरून दोन्ही हातांनी ओरिएसमोर धरली आणि ती तिनं रिकामी केली.

आणि गाव तिच्याशी बोलायला लागलं. हे मी पाहिलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं. ज्यांनी ओसरी पाडली त्यांनीच लाकूड आणून नवी बांधली. कामावर गाणी म्हटली, ओरिएच्या हातची लोणची मागून मागून खाल्ली, तिची थट्टा केली. “काकू, या वेळी खांब जाड घातलाय हं!” ती हसली सुद्धा. दुकानदार बाहेर आला. देवळानं पुन्हा तिचा कागद घ्यायला सुरुवात केली. नोबुकोचं लग्न झालं, तिला कोहेइ झाला. सासूबाईंनी मला सांगितलं, “ओरिए दिसली की वाक बरं. देवानं जिचा मुलगा नेला, त्या आईला वाकावं.”

एवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं. पण पुढच्या उत्सवात बुवांनी तिला पहिल्या रांगेत बसवलं आणि पालखी उठायच्या आधी ते वाक्य म्हणायला लावलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. थोरले बुवा गेले, त्यांचा मुलगा पुजारी झाला. तो शहरात शिकून आलेला, गोड बोलणारा. त्यानं जंगलाच्या वाटेवर पाट्या लावल्या, गाड्या उभ्या करायला जागा केली. शहरातून लोक जुनं देऊळ आणि जुनी झाडं बघायला येऊ लागले. त्यांना तो देवानं उचललेल्या मुलाची कथा सांगे. त्या कथेत नदीला पूर नव्हता आणि गेन्झो नव्हता. मिनेओचा चेहरा पाण्यात उजळला, असं त्यात होतं. कथा झाली की तो हात करून म्हणे, “आणि या त्या मातोश्री.” लोक ओरिएला वाकत. पोटुशी बायका तिचा हात धरून आपल्या पोटावर ठेवत. मी तिच्या मागं बसून चहा भरायची. तिचा तो हात मला जवळून दिसायचा. ठेवल्या जागी तो पडून राहायचा.

“आजी, तुम्हाला त्या क्षणी काय वाटलं?” असं एकदा एका शहरी बाईनं विचारलं.

“आभार वाटले,” ओरिए म्हणाली.

गेन्झोला अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याचं एक अंग गेलं. गिरणी मुलाकडं गेली. पण उत्सवाला तो यायचाच. चौघे त्याला खुर्चीतून उचलून पायऱ्या चढवत आणि ओरिएच्या शेजारी बसवत. जुना म्होरक्या आणि मातोश्री, पाहुण्यांना फोटो काढायला बरं पडे. त्याच्या तोंडातून लाळ गळायची. आता तो म्हातारपणी हळवा झाला होता, मिनेओचं नाव निघालं की खरोखर रडायचा. आपणच रचलेलं त्याला पूर्ण खरं वाटायला लागलं होतं.

“काकू,” तो तोतऱ्या जिभेनं म्हणायचा, “मिनेओ... नशीबवान. मला... का नाही नेलं?”

ओरिए बाहीतून रुमाल काढायची, त्याचं तोंड पुसायची आणि त्याच्या कानाशी वाकायची. लोकांना वाटे, म्हातारी त्याला धीर देतेय. माझ्या शेजारच्या बायका म्हणायच्या, “किती मोठं मन!” मी मागंच बसलेली असायची, म्हणून मला ऐकू यायचं.

“तुला देव नेणार नाही, गेन्झो,” ती हळू आवाजात, हसऱ्या चेहऱ्यानं म्हणायची. “तू पाण्यापर्यंतही पोचणार नाहीस. अंथरुणात कुजशील. सून तुझी दुपटी नाक धरून बदलते ना? आणखी खूप वर्षं बदलेल. मी रोज देवाला तेच मागते. माझं तो ऐकतो, तुला माहीत आहे ना?”

गेन्झो तिचा हात धरायला बघायचा. ती हात काढून घ्यायची आणि त्याला लाडू भरवायची. प्रत्येक उत्सवात हे असंच. तो खूप वर्षं जगला. त्याच्या सुनेनं मला सांगितलं, उत्सव जवळ आला की तो लहान मुलासारखा घाबरतो, रात्री ओलं करतो, पण नेऊ नका म्हटलं तर ऐकत नाही. शेवटी पाठीला जखमा होऊन गेला. ओरिएनं त्याच्या अंत्यविधीला स्वतःच्या हातचा कागद पाठवला.

मग कोहेइ मोठा झाला. आजीचा फार लाडका होता. लहानपणी तिच्या घरातल्या वाफेत झोपायचा. पालखीला खांदा द्यायचं त्याचं वय झालं तेव्हा त्यानं पुढची डावी दांडी मागून घेतली. मामाची जागा. नोबुकोनं गावभर सांगितलं.

ओरिए धाकट्या बुवांकडं गेली. मी पायऱ्या उतरत होते, ती कमानीपाशी त्यांना गाठून उभी होती. म्हणाली, “त्याला मागं ठेवा. मागच्या दांडीला, कुठंही. पुढं नको.”

“का, आजी?”

“मला भीती वाटते.”

बुवा हसले. “तुम्हाला? अहो, तुम्हीच तर दरवर्षी आम्हाला सांगता. देवानं जवळ केलं तर आभारच मानायचे. आणि वर धरण झाल्यापासून नदीला पाणी कुठंय, आजी? गुडघासुद्धा बुडत नाही.”

“बुडत नाही तर पुलावरून न्या.”

“देव पुलावरून जात नाही,” बुवा प्रेमानं म्हणाले.

उत्सवाच्या दिवशी वाटेवर माणूस मावत नव्हता. देवदारांना कर्णे टांगले होते. बुवांनी कथा सांगितली आणि मग माईक ओरिएच्या तोंडासमोर धरला.

ती उठून उभी राहिली. पुढच्या दांडीजवळ कोहेइ पांढऱ्या पोशाखात उभा होता, डोक्याला पट्टी बांधलेली, आजीकडं बघून दात काढत होता.

“गेन्झो दारू प्यायलेला होता,” ओरिए म्हणाली. कर्ण्यांतून ते जंगलभर गेलं. “पाणी छातीला लागत होतं. बुवांनी नको म्हटलं होतं. मिनेओ खाली गेला आणि तुम्ही आधी पालखी काढलीत. तो दांडीखाली जिवंत होता. त्याच्या नखांत पालखीचा रंग होता, मी त्याला अंघोळ घालताना बघितला. मी आभारी नाही.”

मी माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. तो आपल्या चपला बघत होता.

बुवांनी माईक अलगद स्वतःकडं घेतला. “आजींचं वय झालंय,” ते म्हणाले. “या वयात आठवणींची सरमिसळ होते. आपण सगळे त्यांना दीर्घायुष्य चिंतू या.”

आणि टाळ्या झाल्या. मनापासून, प्रेमानं वाजवलेल्या टाळ्या. एक शहरी बाई डोळे पुसत होती. नोबुको पुढं धावली, वाकड्या बोटांच्या हातानं तिनं आईचं तोंड दाबलं आणि दुसऱ्या हातानं तिला बाजूला नेलं.

“माझं नाक कापलंस,” ती दातांतल्या दातांत म्हणाली. “पोराचा पहिला दिवस, आणि तू अपशकुन केलास.”

पालखी उठली, डोंगर उतरली, नदीत शिरली. पाणी खरंच गुडघ्याखाली होतं. खांदेकरी मुद्दाम पाय आपटून पाणी उडवत होते. कोहेइ पार गेला आणि भिजलेला, हसत, आजीला शोधत परत आला.

“बघ, आजी! काही झालं का? देवाला मी आवडलो नाही वाटतं!”

ओरिएनं त्याच्या थोबाडीत मारली. जोर नव्हता हातात. लोक हसले, तोही गाल चोळत हसला आणि पोरांत निघून गेला.

पुढच्या वर्षी तिला वर नेलं नाही. चढवत नाही, असं नोबुको सगळ्यांना सांगत होती, पण ओरिए तेव्हाही फांद्यांची मोळी पाठीवर घेऊन डोंगर उतरायची. तिच्याशी कुणी वाईट वागलं नाही. लोक तिला थांबवून सावकाश, मोठ्या आवाजात बोलत, बहिऱ्याशी बोलावं तसं. तिनं काही सांगायला तोंड उघडलं, की “हो हो, आजी,” म्हणत.

धाकट्या बुवांनी काही वर्षांपूर्वी तिचं बोलणं टेपवर भरून ठेवलं होतं, ते पालखी उठायच्या आधी कर्ण्यांवरून लावलं. मी त्या दिवशी तिच्याकडं जेवणाचा डबा द्यायला गेले होते. ती कागदाची पानं फळीवरून सोडवत होती. वरच्या जंगलातून तिचाच आवाज खाली आला. देवा, माझ्या मिनेओला तू जवळ केलंस. मी आभारी आहे. मागोमाग ढोल वाजले.

ओरिए थांबली. “कोण बाई आहे ती?” तिनं मला विचारलं.

ती विसरली होती म्हणून विचारत होती, की मला ऐकवायला, हे मला कळलं नाही. मी डबा ठेवला आणि “चहा करू का?” म्हटलं. ती पुन्हा कामाला लागली.

त्यानंतरच्या थंडीत ती नदीवर साली धूत असताना बसल्या जागी गेली. टेप अजून लावतात. नोबुको आता पहिल्या रांगेत बसते आणि पाहुणे विचारतात तेव्हा सांगते, हा माझ्या आईचा आवाज.